ओसीडी, शाळा आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र : या चुका टाळा

ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आपल्याकडचा मंत्रचळ, असलेल्या मुलाला शाळेत सवलत नाकारली जाते तेव्हा पालक शाळेला दोष देतात, आणि कित्येकदा तो खराही असतो. पण फाइल उघडली की दिसतं, कागदावर आजाराचं नाव आहे. त्या आजारापायी मुलाचं वर्गात नेमकं काय अडतं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. शाळेत समुपदेशनाचं काम करताना मला सर्वांत जास्त हेच खटकतं. मदतीचा हक्क असलेलं मूल एका कागदावाचून मागे राहतं.

हळू लिहितो म्हणून थेट एलडीची (अध्ययन अक्षमतेची) चाचणी

ओसीडी म्हटलं की लोकांना सतत हात धुणारा माणूस आठवतो. वर्गात तो वेगळ्याच रूपात दिसतो. आठवीतला एक मुलगा वहीच्या कोपऱ्यात तारीख लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. कागदाला भोक पडलं की पान फाडून नव्याने सुरुवात. बाई फळा पुसायला घ्यायच्या आणि याच्या पानावर तारखेशिवाय काही नसायचं. वहीवर शेरा : 'वर्गकार्य अपूर्ण. लक्ष नाही.' कुणी एकच ओळ 'बरोबर वाचली' असं वाटेपर्यंत वाचत बसतं. काही मुलांचं तर सगळं मनातच चालतं : घरच्यांना काहीतरी होईल असा विचार येतो आणि तो घालवायला आकडे मोजणं, देवाचं नाव घेणं. बाहेरून मूल नुसतं शून्यात बघत बसलेलं दिसतं.

अशा वेळी पालक मुलाला अध्ययन अक्षमतेच्या चाचणीला घेऊन जातात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता वेगळी आणि मानसिक आजार वेगळा. ओसीडी दुसऱ्यात मोडतो. तपासण्या वेगळ्या, प्रमाणपत्राची वाटही वेगळी. एकाच मुलाला दोन्ही असू शकतात, पण आधी हे पाहा : अक्षर जमत नाही म्हणून ते अडतंय, की जमलेलं अक्षर मनाला पटत नाही म्हणून?

'डॉक्टर, कागदावर ते नाव नको'

ही चूक मायेपोटी होते आणि सर्वांत महाग पडते. मुलीचं पुढे लग्न ठरायचंय, मुलाला नोकरी लागायचीय, म्हणून पालक डॉक्टरांना 'नुसतं ॲन्झायटी लिहा' अशी गळ घालतात. काही जण जुने केस पेपर फाडूनही टाकतात. मग दहावी तोंडावर आली की ओसीडीचं प्रमाणपत्र हवं असतं आणि फाइलीत दोन वर्षं नुसती ॲन्झायटी असते. दिव्यांगत्व मोजताना आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात. ती वर्षं दाखवायला पहिल्या भेटीचा तारखेसह केस पेपर लागतो. तो जपून ठेवा, झेरॉक्स वेगळी ठेवा. गोपनीयतेची काळजी असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला तो हक्क दिलेला आहे. शाळेलाही सगळी फाइल द्यायची गरज नसते, सवलतीपुरतं पत्र पुरतं.

निदानासाठी मनोविकारतज्ज्ञ गाठा. मानसशास्त्रज्ञांची चाचणी उपयोगी असते, पण फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रमाणपत्र होत नाही. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विचारा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. रुग्णालयाच्या नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. मुलांसाठी वापरतात त्या सीवाय-बॉक्स या चाचणीत ४० पैकी गुण मिळतात. २६ आले म्हणजे २६ टक्के दिव्यांगत्व, असं नव्हे. ही चाचणी आजाराची तीव्रता सांगते. टक्केवारी वेगळ्या पट्टीवर निघते.

एका ओळीची चिठ्ठी

'के/सी/ओ ओसीडी, ऑन ट्रीटमेंट. काइंडली कोऑपरेट.' म्हणजे 'ओसीडीचा रुग्ण, उपचार सुरू, सहकार्य करावे', अशी चिठ्ठी घेऊन पालक मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापकांनी त्यावरून काय करायचं? डॉक्टरांची ओपीडी भरलेली असते, त्यांना वर्गातलं दृश्य ठाऊक नसतं. ते तुम्ही पुरवायचं. भेटीला जाताना आठवडाभराची नोंद न्या : कोणत्या तासाला काय अडलं, किती मिनिटं गेली, पेपरात कोणते प्रश्न सुटले. खोडून खोडून फाटलेली वही सोबत न्या. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून आणा.

मग पत्र असं येऊ शकतं : 'या विद्यार्थ्याला ओसीडी आहे. लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासण्याच्या अनिवार कृतीमुळे, उत्तर येत असूनही, तो ठरलेल्या वेळेत पेपर पूर्ण करू शकत नाही. त्याला वेगळी खोली आणि अमुक इतका जादा वेळ द्यावा, अशी शिफारस आहे. सहा महिन्यांनी फेरतपासणी करू.' हे वाचून शाळेला काय करायचं ते कळतं.

तपासणीच्या दिवशी 'सगळं ठीक आहे'

प्रमाणपत्रासाठी अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' ही पट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. विद्यार्थ्याचं काम म्हणजे शिक्षण. त्यात आजाराच्या कालावधीचे १ ते ४ गुण मिळवतात. एकूण ७ झाले की ४० टक्के. म्हणजे आजार दोन ते पाच वर्षांचा असेल तर कालावधीचे २, आणि बाकीच्या चारांत मिळून ५ लागतात.

आता तपासणीला काय होतं? मूल भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून बसतं. अंघोळ स्वतः करतोस का? हो. शाळेत जातोस? हो. मित्र आहेत? हो. उत्तरं खरीच असतात. पण अंघोळीला दीड तास लागतो, आई बाहेरून दार वाजवत असते, शाळेत रोज दुसऱ्या तासाला पोहोचतो, हे कुणी बोलतच नाही. 'करतो का' याच्या पुढचं 'कसं करतो' हे आपणहून सांगा. मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर लिहून द्या.

उलट टोकाला जाऊन मुलाला पढवूही नका. खोट्या मार्गाने सवलती घेणं २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ नुसार गुन्हा आहे. आणि खऱ्या आजाराच्या मुलाला खोटं बोलायला लावलं की त्याला ते विसरता येत नाही. अपराधीपणाचे विचार ओसीडीत आधीच कमी नसतात.

चाळीस टक्के होईपर्यंत थांबणं

उच्च शिक्षणातल्या आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. शाळेतल्या साध्या सोयींसाठी मात्र तिची वाट पाहू नका. २०१६ च्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा बदलांची तरतूद दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे, ४० टक्केवाल्यांसाठीच असं तिथे म्हटलेलं नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निकाल दिला. टक्केवारी कमी आली तरी प्रमाणपत्र घेऊन ठेवा. ती मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येतं.

मागितलेली सवलतच आजार वाढवते तेव्हा

याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. ओसीडीच्या उपचारात मुलाला भीती सोसून ती पुन्हा पुन्हा करायची कृती टाळायला शिकवतात. पुनःपुन्हा खोडणाऱ्याला अमर्याद वेळ दिला तर तो वेळ खोडण्यात जातो. दर पाच मिनिटांनी हात धुवायला सोडलं तर आजाराचंच वेळापत्रक शाळा पाळू लागते. 'बाई, बरोबर आहे ना?' या प्रश्नाला दहा वेळा 'हो' म्हणणारी शिक्षिका मनाने चांगली असते, पण त्या 'हो'ने पाच मिनिटांची उसंत मिळते आणि अकरावा प्रश्न येतो.

म्हणून यादी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांबरोबर बसून करा. जादा वेळ ठरावीक, खाडाखोडीचे गुण न कापणं, पेन्सिलीऐवजी पेन, शंकेला एकदाच उत्तर, ठरलेल्या वेळी एक विश्रांती. मूल सुधारेल तशा सवलती कमी करायच्या, हेही त्या कागदावर आधीच लिहा, मुलाला दाखवून.

तोंडी बोलणं आणि उशीर

'मॅडमना सांगितलंय, त्या बघतील' याला कागदोपत्री किंमत नाही; मॅडमची बदली झाली की विषय संपतो. लेखी अर्ज द्या, शाळेचा शिक्का मारलेली पोच घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात आलं म्हणजे बोर्डाची सवलत आपोआप मिळाली, असंही नाही. दहावी-बारावीसाठी प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, सीबीएसईतही शाळाच नोंद करते. त्यामुळे नववीतच सुरुवात करा, घटक चाचणीपासून सवलत वापरायला लावा. शाळा ऐकत नसेल तर आधी शिक्षणाधिकारी, मग पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय, दोन्हीकडे त्या पोचेची प्रत जोडून.

प्रमाणपत्र हातात पडलं की त्यावरची मुदत वाचा. मानसिक आजारात ते बरेचदा तात्पुरतं असतं. मुदत बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीतच करून टाका.