उन्हाळ्यात क्राफ्ट बिअरची चव कशी पारखावी आणि तुलना कशी करावी

पेला हलकेच फिरवून आधी वास घ्यावा आणि मग लहान घोट घ्यावा, ही रीत नाशिककरांना नवी नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातील वायनरींमध्ये अनेकांनी ती शिकून घेतली आहे. बिअरच्या वाट्याला मात्र हे लक्ष फारसे येत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती शक्य तितकी गार करून घाईने संपवली जाते आणि मग सगळ्या बिअर सारख्याच लागतात, अशी तक्रार होते. अतिशय गार बिअरचा सुगंध दबून जातो आणि जीभही बधिर होते. उलट, उन्हात तापलेली बिअर आपली मूळ चव गमावून बसते. त्यामुळे उन्हाळ्यात बिअरची तुलना करायची असेल, तर दुकानापासून पेल्यापर्यंत तापमान सांभाळणे हे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.

सुरुवात खरेदीपासून करावी. कायद्याने ठरवलेले वय पूर्ण झालेले असावे आणि महाराष्ट्रात लागणारा मद्य परवाना जवळ असावा. कॅनवरील उत्पादनाची तारीख वाचावी व त्यातल्या त्यात ताजा माल निवडावा, विशेषतः आयपीएच्या (हॉप्स भरपूर असलेल्या कडवट बिअरच्या) बाबतीत, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध सर्वांत आधी उतरतो. दुकानात उन्हात मांडून ठेवलेली हिरव्या किंवा पारदर्शक काचेची बाटली घेऊ नये. प्रकाशामुळे हॉप्समधील घटकांचे विघटन होते आणि उग्र, जळक्या रबरासारखा वास येऊ लागतो. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते आणि कॅन पूर्ण. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून मुंबई-पुण्यातील लहान ब्रुअरींची (बिअर बनवणाऱ्या ठिकाणांची) संख्या वाढली आहे. तिथून परवान्याच्या मर्यादेत काही आणायचे असेल, तर गाडीच्या तापलेल्या डिकीत न ठेवता बर्फाच्या पेटीत आणावे. नळावरून भरून घेतलेली ताजी बिअर एक-दोन दिवसांतच संपवावी.

पहिल्या बैठकीसाठी चार प्रकार पुरेसे आहेत: एक लागर किंवा ब्लाँड एल (दोन्ही फिकट, सौम्य), एक जर्मन पद्धतीची हेफेवायझन आणि एक बेल्जियन पद्धतीची विटबिअर (या दोन्ही गव्हाच्या) आणि एक आयपीए. चौघे असल्यास ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमधून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८० मिलिलिटर येते, म्हणजे चारही प्रकार चाखून एका माणसाच्या पोटात एका कॅनइतकीच बिअर जाते. त्याहून अधिक प्रकार मांडले तर शेवटच्या पेल्यांना न्याय मिळत नाही.

बैठक सूर्यास्तानंतर गच्चीवर किंवा हवेशीर खोलीत ठेवावी, कारण थेट उन्हात पेल्यातील बिअरदेखील काही मिनिटांत बिघडू शकते. मसालेदार मिसळ आणि तिखट चिवडा बैठक संपेपर्यंत दूर ठेवावा. मधल्या काळात साधा पाव किंवा बिनमसाल्याचे चुरमुरे आणि भरपूर पाणी घ्यावे. उन्हाळ्यात शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते आणि मद्यामुळे ते आणखी घटते, म्हणून प्रत्येक प्रकारानंतर पाणी पिण्याचा नियम कसोशीने पाळावा.

पेले तोंडाशी किंचित अरुंद असावेत. अनेक घरांत असलेले वाइनचे पेले यासाठी उत्तम. ते साबणाचा अंशही न राहील असे धुऊन, उपडे ठेवून वाळवावेत. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले, तर पेला नीट स्वच्छ झालेला नाही असे समजावे. पेले फ्रीजरमध्ये ठेवू नयेत आणि बिअरमध्ये बर्फ तर मुळीच घालू नये.

लागर ४ ते ७ अंश सेल्सिअसला, गव्हाच्या बिअर ५ ते ८ अंशांच्या आसपास आणि आयपीए ७ ते १० अंशांना चांगली लागते. नाशिकच्या मे महिन्यात ८० मिलिलिटर बिअर पेल्यात फार लवकर तापते, म्हणून सर्व पेले एकदम भरून मांडू नयेत. बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत कॅन ठेवावेत (नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी कॅनला सर्व बाजूंनी स्पर्श करते आणि लवकर गार करते) आणि एकेक प्रकार क्रमाने उघडावा. आयपीए ओतण्याआधी काही मिनिटे बादलीबाहेर काढून ठेवावी. क्रम सौम्याकडून कडवटाकडे असावा. आयपीए आधी घेतली, तर तिचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची लागर पाणचट वाटते.

पेला तिरपा धरून ओतायला सुरुवात करावी आणि शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यावा. फेस उतरण्याआधी दोन-तीन लहान श्वासांत वास घ्यावा. त्यानंतरचा घोट तोंडात क्षणभर फिरवून गिळावा, कारण घोट गिळल्यानंतर मागे काय उरते, हे बिअरच्या परीक्षेत फार महत्त्वाचे आहे. गोडवा कुठे जाणवला, कडवटपणा कधी आला आणि किती वेळ टिकला, बिअर जिभेवर हलकी वाटली की जड, हे लगेच लिहून ठेवावे.

माझ्या मते या चौघींत सर्वाधिक शिकवणारी जोडी हेफेवायझन आणि विटबिअर यांची आहे. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ आणि फिकट रंगाच्या, त्यामुळे नुसते पाहून फरक कळत नाही. हेफेवायझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. तो सुगंध यीस्ट आंबवताना निर्माण करते. विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. आपल्या स्वयंपाकघरात धण्यांची पूड रोज वापरात असल्याने हा वास ओळखणे आपल्याला सोपे जाते. चाखण्याआधी थोडे धणे खलबत्त्यात कुटून शेजारी ठेवावेत आणि पेला व धणे आलटून पालटून हुंगावेत. फरक शब्दांत सांगता येईपर्यंत या जोडीवर वेळ द्यावा.

आयपीएच्या कॅनवर कडवटपणाचे एकक म्हणून आयबीयूचा आकडा अनेकदा दिलेला असतो. गव्हाच्या बिअरमध्ये तो बहुधा १० ते १५ च्या आसपास, तर अमेरिकन पद्धतीच्या आयपीएमध्ये ४० ते ७० असतो. या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा भरपूर असेल तर मोठा आकडाही सौम्य लागतो.

दोषही ओळखायला शिकावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झालेली आहे किंवा उष्णतेत राहिलेली आहे. लोण्याचा वास येत असल्यास आंबवण्याची प्रक्रिया बहुधा अपुरी राहिलेली असते.

नोंदी करताना गुण देण्यापेक्षा तुलनेची वाक्ये लिहावीत, उदाहरणार्थ, ‘पहिलीपेक्षा दुसरी कमी कडू, पण मागे कोरडी’. शेवटी एक चाचणी अवश्य करावी. तिच्यासाठी दोन्ही गव्हाच्या बिअरमधून थोडी बिअर कॅनमध्येच बादलीत राखून ठेवावी. एकाने तीन पेल्यांवर खुणा करून दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून वेगळा पेला शोधावा. नुसत्या अंदाजानेही तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून पेल्यांचा क्रम बदलून चाचणी पुन्हा करावी आणि दोन्ही वेळा वेगळा पेलाच सापडला तरच फरक कळला असे मानावे. बैठकीनंतर कोणीही वाहन चालवू नये. घरी परतण्यासाठी रिक्षाची किंवा न प्यायलेल्या सोबत्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.