हर-टू तपासणी: गाठ काढल्यापासून स्कोअर लिहीपर्यंत

हर-टू हा पेशीच्या पडद्यावरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन; स्तनाच्या कर्करोगात तो तपासतात. निरोगी पेशीवर तो हजारांत असतो. १७व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की लाखांत जातो. याच रिसेप्टरला धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून ते कुणाला द्यायचं ते मुख्यतः इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या (अँटीबॉडी लावून प्रथिन रंगवण्याच्या) स्लाइडवर ठरतं. ही स्लाइड बिघडते ती बहुधा रंग देताना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

गाठ शरीराबाहेर आल्याची आणि फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) पडल्याची, अशा दोन्ही वेळा फॉर्मवर लिहून घ्या. मधलं अंतर तासाभराच्या आत हवं. फॉर्मलिन १० टक्के न्यूट्रल बफर्डच, नमुन्याच्या किमान दहापट. लॅबमध्ये एक लिटर बनवायचं तर: बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नळाच्या पाण्यात नुसतं ओतलेलं फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होतं. ते वापरू नका.

खरा घोळ शनिवारी होतो. दुपारी दोनला काढलेला अख्खा स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबतात आणि सोमवारी सकाळी दहाला बाहेर काढतात. ४४ तास झाले, म्हणजे फॉर्मलिनमध्ये ठेवायच्या ६ ते ७२ तासांच्या मर्यादेत बसलं, असं कागदावर दिसतं. पण फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं, खोलवर तर आणखी सावकाश. त्यामुळे कड पक्की होते आणि गाठीचा गाभा कच्चाच राहतो. नमुना हाती येताच कडांना शाई लावा, ५ मिमीच्या चकत्या पाडा आणि मध्ये टिश्यू पेपर सरकवा. वेळ मोजायची ती इथून.

सेक्शन (पातळ काप) ४ मायक्रॉनचे, चार्ज्ड स्लाइडवर, म्हणजे काप घट्ट चिकटतो अशा काचेवर. कापलेली स्लाइड सहा आठवड्यांपेक्षा जुनी नको. पुढचं काम मशीन करतं. हाताने करायचं तर अँटिजेन रिट्रीव्हल (तापवून झाकलं गेलेलं प्रथिन उघडं करणं), मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, हर-टूला चिकटणारी प्राथमिक अँटीबॉडी, तिच्यावर बसणारं पॉलिमर, तपकिरी रंग देणारं डीएबी आणि शेवटी केंद्रकं निळी करायला हलकं हिमॅटॉक्सिलिन. रिट्रीव्हलचा बफर आणि वेळ अँटीबॉडीच्या माहितीपत्रकातूनच घ्या. उष्णता जास्त झाली की निरोगी नलिकाही तपकिरी दिसू लागतात. तसं दिसलं तर स्कोअर देऊ नका, पुन्हा करा. ३+, १+ आणि ० (हे रंगाचे स्कोअर, खाली सांगितलेत) असे तिन्ही कंट्रोल, म्हणजे स्कोअर आधीच माहीत असलेले नमुने, त्याच स्लाइडवर लावलेले बरे. फक्त ३+ लावला तर रंग फिका पडलेला कळतच नाही.

वाचताना फक्त आक्रमक गाठ बघा. डीसीआयएस (नलिकेबाहेर न पसरलेला कर्करोग), चेंगरलेला भाग आणि कडेचा गडद पट्टा सोडा. पेशीच्या आतला रंग मोजायचा नाही, पडद्याचाच मोजायचा. १० टक्क्यांहून जास्त पेशींचा पडदा पूर्ण आणि गडद रंगला तर ३+. पूर्ण पण फिका ते मध्यम, तर २+. अर्धवट आणि जेमतेम दिसणारा, तर १+. अडलात तर भिंग बघा: ३+ पाचच्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसतो, २+ ला दहा-वीस लागतो, १+ साठी चाळीसवर जावं लागतं. गाठीच्या मायक्रोपॅपिलरी प्रकारात पडदा यू आकारात गडद रंगतो, पूर्ण वळसा घेत नाही. त्याला १+ म्हणू नका. २+ धरून इन-सिटू चाचणीला (पेशीतल्या जनुकाच्या प्रती मोजणारी) पाठवा. तिथे किमान २० पेशी मोजायच्या. हर-टू आणि १७व्या गुणसूत्राच्या खुणांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा जास्त प्रती, तर पॉझिटिव्ह.

पूर्वी ० लिहिलं काय नि १+ लिहिलं काय, उपचारात फरक पडत नसे. २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन या औषधाला 'हर-टू लो'साठी (१+, किंवा इन-सिटू निगेटिव्ह २+) मान्यता मिळाली आणि ० नि १+ नीट वेगळे न करण्याचा आळस महागात पडू लागला. शंका असेल तिथे दुसऱ्या डोळ्याकडून वाचून घ्या.

अजून एक: ४बी५ ही या तपासणीतली एक प्राथमिक अँटीबॉडी रिसेप्टरची आतली शेपटी ओळखते, ट्रास्टुझुमॅब मात्र बाहेरच्या चौथ्या भागाला धरतं. बाहेरचा भाग तुटलेला रिसेप्टरही स्लाइडवर रंगतो, औषधाला मात्र तिथे पकड मिळत नाही.

हाडातला नमुना असेल तर आम्लाने चुना काढू नका, इन-सिटूचे सिग्नल जातात. ईडीटीए (चुना सावकाश काढणारं रसायन) वापरा, दिवस जास्त लागले तरी चालतील, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा.