‘गेन्शी-गारी’ वाचनमंडळात घेताना

चिआकी कावामाता यांची १९८४ ची ही विज्ञानकादंबरी ठाण्यात तलावपाळीजवळच्या एखाद्या वाचनमंडळात घ्यायची असल्यास २०१२ चा इंग्रजी अनुवाद मागवावा आणि आधी अर्धा तास अतिवास्तववादाला (स्वप्ने आणि अबोध मन यांना महत्त्व देणाऱ्या कला-साहित्य चळवळीला) द्यावा, कारण वाचणाऱ्याचा जीव घेणारी कविता कथेत या चळवळीचे प्रणेते, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या वर्तुळात अवतरते व काही दशकांनंतर जपानमध्ये नकलांमधून पसरते. उतारे झेरॉक्स काढून वाटू नयेत. एकच प्रत हातोहात फिरवावी, म्हणजे पान उलटण्याआधी शेजारचा कसा घुटमळतो ते दिसते (आमच्याकडे एकाने चक्क चष्मा काढून ठेवला). मंगळावरचा भाग मात्र स्वतंत्र बैठकीसाठी राखावा, कारण लोकल गाठायच्या घाईत तो नुसता उरकला जातो.