नेदरमधून वखार रिकामी का दिसते? डायमेंशनपार डेटा लोड करताना या चुका टाळा

चोपड्याचा माझा भाचा माइनक्राफ्ट या खेळासाठी केळीच्या वखारीचा मॉड (खेळात भर घालणारा कोड) लिहितोय. ओव्हरवर्ल्ड म्हणजे खेळातलं मुख्य जग, नेदर हे दुसरं; अशा प्रत्येक जगाला डायमेंशन म्हणतात. ओव्हरवर्ल्डमध्ये वखारीचा ब्लॉक ठेवायचा, नेदरमध्ये त्याचं दार ठेवायचं आणि दोन्हीकडून तोच माल काढायचा. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला: "मामा, वखार रिकामी व्हयी गयी!" ओव्हरवर्ल्डमध्ये परतला की माल जागेवर, नेदरमध्ये गेला की गायब. हीच अडचण मी इतक्या नवशिक्या पोरांकडे पाहिली आहे की एकदा नीट लिहून काढतो. खालचं सगळं जावा आवृत्ती 1.20.1 धरून आहे.

मी त्याला आधी वर्ल्डचं फोल्डर उघडायला लावलं. 'डेटा'मध्ये वखारीची एक डॅट फाइल होती. 'डिम-1' म्हणजे नेदरचं फोल्डर. त्याच्या आतल्या 'डेटा'मध्येही त्याच नावाची दुसरी फाइल! तिथेच चूक सापडली. सेव्ह्डडेटा, म्हणजे मॉडने वर्ल्डसोबत जपून ठेवलेली माहिती, प्रत्येक डायमेंशनचा वेगळा असतो आणि भाचा तो खेळाडू जिथे उभा आहे त्या लेव्हलकडून (कोडमध्ये डायमेंशनचं रूप) मागत होता. डेटा मागायच्या 'कम्प्यूटइफअॅबसेंट' या फंक्शनला डेटा सापडला नाही तर तो तक्रार करत नाही, गुपचूप नवा कोरा बनवून देतो. म्हणून एररही नाही आणि मालही नाही. दोन्हीकडे एकच हिशेब हवा असेल तर खेळाडू कुठेही असो, डेटा सर्व्हरच्या (वर्ल्ड चालवणाऱ्या भागाच्या) ओव्हरवर्ल्डकडूनच मागा. दोन फाइली आधीच तयार झाल्या असतील तर एकही पुसू नका. वर्ल्डची कॉपी काढा आणि दोन्हींतला माल एकत्र करणारा कोड एकदाच चालवा.

दुसरी चूक हिचीच बहीण: नुसता ब्लॉकपॉस (ब्लॉकच्या जागेचे तीन आकडे) जपून ठेवणं. स्टेशन रोड, घर नंबर 12 असा पत्ता जळगावातही असेल, धुळ्यातही असेल. गावाचं नाव नसेल तर पोस्टमन काय करणार? 120, 64, -40 हे तीन आकडेही ओव्हरवर्ल्ड, नेदर, एंड तिन्हीकडे आहेत. डायमेंशनची की (ओळखीचं नाव) आणि जागा एकत्र ठेवणारा ग्लोबलपॉस त्यासाठीच आहे, तोच वापरा. आठाने भागायच्या भानगडीतही पडू नका. ओव्हरवर्ल्ड आणि नेदरचं 8:1 हे प्रमाण पोर्टलने प्रवास करताना लागतं; साठवलेली जागा जशीच्या तशी राहते. आणि त्या कीवरून लेव्हल मागितल्यावर नल (म्हणजे काहीच नाही) येऊ शकतं, कारण डायमेंशन देणारा दुसरा मॉड कुणी काढून टाकलेला असतो. ते तपासा, पण म्हणून नोंद पुसू नका.

माल बदलल्यावर 'सेटडर्टी' (डेटा बदललाय, लिहून ठेव अशी खूण) बोलवायचं विसरलात तर फाइल लिहिलीच जात नाही. खेळ चालू असेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि पुन्हा उघडल्यावर जुना माल समोर येतो. पोरं दोष लाइट गेल्याला देतात, पण तो कोडचा असतो.

आता वेगाची गोष्ट. लोड नसलेल्या चंकमधला (जगाच्या एका तुकड्यातला) ब्लॉक सर्व्हरकडे मागितला की तो अख्खा चंक डिस्कवरून आणतो, तिथे कधी कुणी गेलंच नसेल तर नव्याने बनवतो. एका टिकला (खेळाच्या एका ठोक्याला) मिळतात 50 मिलिसेकंद. दाराने प्रत्येक टिकला पलीकडच्या वखारीत डोकावायचं ठरवलं तर खेळ अडखळणारच. माझं मत पक्कं आहे: माल ब्लॉकमध्ये ठेवूच नका, सेव्ह्डडेटात ठेवा आणि ब्लॉकला फक्त त्याचा क्रमांक द्या. मग चंक झोपलेला असला तरी बिघडत नाही.

ब्लॉक एंटिटीच्या (ब्लॉकची जास्तीची माहिती सांभाळणाऱ्या भागाच्या) 'लोड'मध्ये लेव्हल अजून नल असते, तिथे दुसरं डायमेंशन शोधू नका. स्टॅटिक मॅपमध्येही (खेळ बंद होईपर्यंत मेमरीत राहणाऱ्या यादीत) काही साठवू नका. एक वर्ल्ड बंद करून दुसरं उघडलं की पहिल्याची केळी दुसऱ्यात उगवतात. क्लायंटला (खेळाडूच्या बाजूच्या खेळाला) तर फक्त समोरचं डायमेंशन माहीत असतं, पलीकडचा माल त्याला सर्व्हरकडून पॅकेटनेच (निरोपानेच) पाठवावा लागतो.

भाच्याला तपासणी अशी सांगितली: वखारीत तीन घड ठेव, नेदरमध्ये जा, तिथेच खेळ पूर्ण बंद कर. पुन्हा उघड आणि ओव्हरवर्ल्डमध्ये पाऊल न टाकता दार उघड. काल रात्री त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला, तिन्ही घड जागेवर होते. आता हेच वेगळ्या मशीनवरच्या सर्व्हरवर करून बघायचं राहिलंय.