मेकअप घेताना डबी आणि ब्रशही पारखून घ्या
फाउंडेशन घेताना रंगछटेइतकेच लक्ष बाटलीकडेही द्यावे. रुंद तोंडाच्या डबीत दर वेळी बोट बुडवल्याने जंतू आत जातात, म्हणून अशी डबी घ्यावीच लागली तर क्रीम स्वच्छ धुतलेल्या छोट्या चमच्याने काढावे. पंपाची बाटली त्याहून बरी. त्यातही जिच्या तळाची चकती प्रत्येक दाबासरशी वर सरकते ती हवाबंद बाटली मला सर्वाधिक पसंत आहे, कारण तिच्या तळाशी फारसे काही वाया जात नाही.

मस्काऱ्याच्या नळीच्या तोंडाशी आतून एक मऊ कडे असते, जे कांडी बाहेर येताना ब्रशवरचा जादा मस्कारा निपटून घेते. ते सैल असेल तर पापण्यांवर गुठळ्या होतात. कांडी नळीत वरखाली घुसळू नये, कारण त्याने हवा आत शिरून मस्कारा लवकर सुकतो. ती गोल फिरवून काढावी. आखूड पापण्यांना बारीक ब्रशच सोयीचा पडतो. पावडरसोबत येणारा स्पंज मात्र बहुधा नावापुरताच असतो.

वेष्टनावर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात १२ हा आकडा असल्यास उघडल्यापासून १२ महिन्यांत उत्पादन संपवावे. मस्काऱ्यासाठी ही मुदत साधारणतः ३ ते ६ महिने असते, तेव्हा उघडल्याची तारीख नळीवरच लिहून ठेवावी.