गुलाबाची काडी देताना: छाट कलम आणि वाणाचा हक्क

छाट कलम म्हणजे फांदीची काडी लावून नवं रोप करणं. काडी कापण्याआधी झाडाचं नाव विचारा, कारण काही वाणांवर ते तयार करणाऱ्याचा हक्क असतो. गावठी गुलाबाला, गुलकंदाच्या सुगंधी गुलाबाला कुणी मालक नाही. आपल्याकडच्या नर्सरीत वर्षानुवर्षं मिळणारी ग्लॅडिएटर (१९५५), क्वीन एलिझाबेथ (१९५४), पापा मेयाँ (१९६३), डबल डिलाइट (१९७७) ही नावं इतकी जुनी आहेत की त्यांच्यावर आता कुणाचा पेटंटहक्क उरलेला नाही. अशांची काडी खुशाल द्या. विचार करायचा तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेल्या वाणांचा.

काडी कशी घ्यायची

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. शेंड्याकडचा कोवळा हिरवा भाग कुजतो आणि बुडाचा करडा, जून भाग मुळं धरायला फार वेळ घेतो, म्हणून मधलाच भाग घ्या. लांबी १५ ते २० सेंमी, डोळे (जिथून नवा फुटवा येतो त्या जागा) चार-पाच. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा; वरचा काप डोळ्याच्या अर्धा सेंमी वर आणि सरळ. दोन वेगळे काप घेण्याचं कारण साधं आहे: हातात दहा काड्या असल्या की उलटी लावली जाते, आणि उलटी लावलेली काडी जगत नाही.

झाड डोळा भरून, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर (खुंटावर) हव्या वाणाचा डोळा जोडून केलेलं असेल तर जोडाची गाठ बघा. गाठीच्या खालून फुटलेला फुटवा खुंटाचा असतो. त्याची काडी लावली तर वर्षभर सांभाळून शेवटी खुंटाचीच बारीक फुलं मिळतात. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा दिसत असतील तर त्या झाडाची काडी देऊच नका. तो विषाणू काडीबरोबर जातो आणि नंतर औषधाने बरा होत नाही.

वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. खालची दोन सेंमी किंचित ओली करून मुळं फुटवणाऱ्या आयबीए संप्रेरकाच्या साधारण २००० पीपीएम (दहा लाखांत दोन हजार भाग) भुकटीत बुडवा आणि जादा भुकटी झटका. कोकोपीट आणि जाडी वाळू समप्रमाणात भरलेल्या पिशवीत आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग काडी दोन डोळे गाडले जातील इतकी खाली सोडा. थेट खुपसली तर भुकटी वरच घासून निघते. शेणखत घालू नका, अजून खायला मुळंच नाहीत. पाणी एकदाच भरपूर द्या आणि वर बूड कापलेली प्लास्टिकची बाटली, कापलेली बाजू खाली ठेवून, झाकणासारखी घाला. पिशवी सावलीतच ठेवायची. उन्हात बाटलीच्या आत काडी अक्षरशः उकडते.

दहा-पंधरा दिवसांत पालवी फुटते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ही पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, मुळं अजून नसतात. हलवून पाहिली की नुकतेच धरू लागलेले तंतू तुटतात. चार ते सहा आठवड्यांनी पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसली की बाटली रोज थोडा वेळ काढत जा आणि आठवडाभराने कुंडी बदला. काडी खालून काळी पडत वर चढली तर पाणी जास्त झालं असं समजा. पिवळे हायब्रीड टी गुलाब (लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारे) मुळं धरायला हट्टी असतात. तिथे छाट कलमापेक्षा डोळा भरणं बरं.

लांब द्यायची असेल तर काड्यांचं बूड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. दोन-तीन दिवस टिकतात.

आता हक्काचं

भारतात झाडाला पेटंट मिळतच नाही. पेटंट कायदा १९७० चं कलम ३(जे) ते नाकारतं. इथे लागू आहे २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. नोंदणी झालेल्या वाणाचं उत्पादन, विक्री आणि वाटपाचा हक्क पैदासकाराकडे, म्हणजे वाण तयार करणाऱ्याकडे असतो: साधारण पिकांना १५ वर्षं, वृक्ष व वेलींना १८. मात्र कलम ३९ नुसार शेतकऱ्याला असं वाण जपता, पेरता, देवाणघेवाण करता, विकताही येतं. ब्रँडच्या नावाने तेवढं विकता येत नाही. बाल्कनीतल्या हौशी माणसासाठी मात्र वेगळं सवलतीचं कलम नाही. म्हणून इथे नोंदवलेलं नवं वाण असेल तर काड्या वाटत सुटू नका, आणि नर्सरी चालवत असाल तर आधी परवाना घ्या.

अमेरिकेतल्या मराठी बागप्रेमींनी जास्त जपावं. तिथे १९३० पासून वनस्पती पेटंट आहे आणि पहिलंच पेटंट, १९३१ मध्ये, 'न्यू डॉन' या वेली गुलाबाला मिळालं. लेबलवर 'पीपी' (प्लांट पेटंट) आणि आकडा असेल तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं (८ जून १९९५ पूर्वीच्या अर्जांना मंजुरीपासून १७ वर्षांचा हिशोब). तोवर काडीपासून एकही रोप करायचं नाही, स्वतःसाठी किंवा फुकट द्यायलाही नाही. 'पीपीएएफ' म्हणजे अर्ज केलेला आहे. 'पीस' या गुलाबाचं पेटंट १९४३ चं, कधीच संपलं. 'नॉक आउट' गुलाबाच्या मूळ वाणाचंही संपलं आहे, पण 'नॉक आउट' हे नाव ट्रेडमार्क आहे. रोप विकायचं तर वाणाच्या नावाने, 'रॅडराझ' म्हणून. बियांपासून उगवलेलं रोप वनस्पती पेटंटच्या कक्षेत येत नाही. संकर करून पाहायला मोकळीक आहे.

युरोपीय संघात गुलाबाला वाणहक्क मिळतो, पण खासगी, बिगरव्यापारी वापर त्यातून वगळलेला आहे. आणि हे हक्क देशाच्या सीमेपुरते असतात: अमेरिकेतलं पेटंट पुण्यात चालत नाही.

एवढं असलं तरी काडी सामानात घालून विमानाने आणू किंवा नेऊ नका. त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नाहीतर ती विमानतळावरच जप्त होते.