कोरियन वही: उच्चार बरोबर, स्पेलिंग चूक

लक्षण असं: वहीत हांगुल (कोरियन लिपी) शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहायचो, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिताना शेवटचं व्यंजन हमखास चुकायचं. दिवस, विळा, चेहरा यांचे कोरियन शब्द लिहायला वेगळे, पण उच्चार तिन्हींचा ‘नात्’! दहा-दहा वेळा गिरवलं, रंगीत पेनं वापरली. वही सुंदर झाली, एवढंच.

शेवटी जमलं ते असं. आधी देवनागरी उच्चार खोडले. मग प्रत्येक नाम एकटं न लिहिता कर्त्याचा प्रत्यय ‘इ’ जोडून लिहिलं. स्वर आला की लपलेलं व्यंजन बोलतं: दिवस ‘नाजी’, विळा ‘नाशी’, चेहरा ‘नाची’. हे रूप मोठ्यानं म्हणायचं, पान झाकायचं आणि नुसत्या मराठी अर्थावरून हांगुल लिहायचं. स्वरान्त नामांना ‘इ’ऐवजी ‘गा’ लागतो. तिथे हा घोळ नसतोच.